वाड्यावाड्याची गौरवी

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारातून आज आले ते असे: हरमलची मिरची अर्धा किलो, ३५० रुपये. आमसुलाची सोलां पाव किलो, ८०. कापूर व वाती, ५०. खोबरेल एक लिटर, ३००. फुटबॉलचे बूट एक जोड. दुकानदाराने सांगितले साडेसहाशे, मी उठून निघाले तेव्हा झाले चारशे ऐंशी. बूट एक नंबर मोठे घेतले व पुढच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा घातला. दोन वर्षे जायला हवेत.

बूट गौरवीला. मुलगी अकरा वर्षांची, पण पायात कसब आहे असे शाळेत सांगतात. तुळशीचे लग्न होऊन भात कापून झाले की आमच्या गावात चार वाड्यांची, म्हणजे वस्त्यांची, लीग असते, बारा वर्षांखालच्या मुलामुलींची. आमचा वरचा वाडा, शिवाय खालचा वाडा, देऊळवाडा व बांधवाडा. देवळाकडच्या कापलेल्या शेतात दर रविवारी खेळ. गौरवी यंदा पहिल्यांदा खेळणार.

ह्यांना बुटाचा भाव सांगितला. म्हणाले, "चारशे ऐंशी? तां गोलांचां काय लोणचां घालतलय?"

मी बूट देवीपुढे ठेवून हळदकुंकू लावले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आमचा वाडा विरुद्ध देऊळवाडा. गोल चौदा, त्यांचे शून्य. चौदाचे चौदा गौरवीचे.

देऊळवाड्याच्या गोलात स्वप्नील होता, म्हणजे लीगचे अध्यक्ष बाबलीभाऊ यांचा मुलीकडचा नातू. नववा गोल झाल्यावर तो पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. शोधायला गेलेल्यांना घरी पायरीवर बसून उंडो पाव व भाजी खाताना सापडला. गोल रिकामा असतानाही गौरवी मारत राहिली, यावरून कुरबुर झाली. मी घरी तिला विचारले.

ती म्हणाली, "आई, राणी चेंडू दिता. दिल्यार मारूचो न्हय काय?"

राणी म्हणजे दीपकची मुलगी. दीपक बेळगावकडचा, तुयेंच्या कारखान्यात कामाला, आमच्या वाड्यावर भाड्याने राहतो व मुलांना फुकट शिकवतो. राणी गौरवीच्या वर्गात आहे. मी पाहिले ते असे की ती नुसता चेंडू देते, स्वतः एकदाही मारत नाही. भिडस्त असेल. भाड्याच्या घरात राहणारी मुले जपून वागतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बाबलीभाऊ स्वतः आले. आमच्या घराला लागून त्यांचे घर, मधे फक्त दगडी गडगा. गावचे पोस्टमास्तर होते, आता निवृत्त. चहा घेतला, साखर दोन चमचे.

म्हणाले, "वैनी, चेडवाचें कवतिक आसा. पूण एकट्यानच सगळे गोल मारल्यार बाकीच्या भुरग्यांनी कितें, शेतात बेडूक धरूचे?"

हे खरे आहे. आम्ही नाही म्हटले नाही. लीगच्या समितीने ठरवले की गौरवीने यापुढे फक्त डाव्या पायाने मारायचे.

ती ऐकून म्हणाली, "बरें." आणि अंगणात जाऊन डाव्या पायाने नारळाच्या झाडाला चेंडू मारत बसली. झाड हलले नाही, पण कोंबड्या खुराड्यात शिरल्या त्या दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

विरुद्ध खालचा वाडा. डाव्या पायाने अकरा.

तिथल्या तिथे समिती बसली व ठरले की गौरवीचा एक गोल म्हणजे अर्धा धरावा. अकराचे साडेपाच. आता सगुण अडला. सगुण समितीचा कारभारी, पंचायतीत कारकून, म्हणाला की गुणपत्रकात अर्ध्या गोलाला घर नाही. चर्चा लांबली. मला राहवले नाही. मी बाजूने म्हटले की पाच लिहा आणि अर्धा शिल्लक म्हणून पुढच्या रविवारी ओढा. सगुण म्हणाला, "वैनी मॅट्रिक आसा, उगीच न्हय."

खालच्या वाड्याचे पालक मात्र चिडले. त्यांचे म्हणणे, म्हणजे पुढच्या खेळात ही सुरू व्हायच्या आधीच अर्ध्या गोलाने पुढे. तेही खरे आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

देवळाच्या मंडपात मोठी बैठक. चारही वाड्यांची माणसे. दोन तास नुसता आरडाओरडा. एक म्हणाला तिच्या कमरेला दोन किलो तांदूळ बांधा, दुसरा म्हणाला तिच्या विरुद्ध दहाजण उतरवा. दीपक मागे उभा होता, तो म्हणाला, "मोठ्या पोरांत घाला की तिला, चौदा वर्षांच्या. तिलाबी बरं, ह्यांनाबी बरं. आणि थोडे दिवस हिकडं, थोडे दिवस तिकडं."

कोणी ऐकले नाही.

मग सगुणला सुचले. तो उठून म्हणाला की आपण उगाच भांडतो, ही गोष्ट नवी नाही. जत्रेला पालखी एक, वाडे चार. पालखी तोडून चार तुकडे करतो काय आपण? नाही. एका वर्षी ती या वाड्यात पहिली थांबते, दुसऱ्या वर्षी त्या. तो मान. तसा गौरवीचा मान वाड्यावाड्याने फिरावा. एका रविवारी एक वाडा तिला नेईल व ती त्या वाड्याकडून खेळेल.

इतका वेळ भांडत होते ते फुटबॉलवरून, आणि फुटबॉल तिथे कोणाला कळत नव्हता. मान सगळ्यांना कळतो. पहिला वाडा कोणता, आणायला कोणी जायचे, परत पोचवायला कोणी, सगळे अर्ध्या तासात ठरले. अर्धा गोल शिल्लक होता तो देवीला सोडला.

मला भरून आले. आमच्या घराण्यात आजवर कुठलाच मान नव्हता. ह्यांच्या आज्याला एकदा देवीपुढे दिवजां, म्हणजे दिवे, धरायला बोलावले होते, तेही दुसरा माणूस आजारी पडला म्हणून.

घरी येऊन गौरवीला सांगितले. तिने विचारले, "राणी येतली मगे माझ्यावांगडा?"

मी म्हटले, "नाही गो. मान तुझा आहे."

"मग माका नको. माका राणीवांगडा खेळूचा आसा."

भाडेकरूंना मान नसतो हे एवढ्या पोरीला कसे समजवावे? मानाला नाही म्हणू नये एवढेच सांगितले.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी सातला खालचा वाडा ढोल घेऊन दारात. पाच सवाष्णी, ताम्हन, निरांजन. गौरवीची ओटी भरली: नारळ, खण, अर्धा किलो तांदूळ. तिला पदर कुठला? तिने जर्सीचे पुढचे टोक धरून त्यात ओटी घेतली. जर्सी खालच्या वाड्याची, निळी.

गोल सहा. खालचा वाडा जिंकला. परत पोचवायला आले तेव्हा आणखी एक नारळ.

ह्यांनी नारळ हातात घेऊन हलवून पाहिला. म्हणाले, "पाणी आसा. चलूंदी लीग."

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. महालक्ष्मीची पूजा मांडली, कहाणी वाचली. गौरवी शेजारी बसली होती, पण लक्ष नव्हते. प्रसाद दिला तर अर्धा पुडीत बांधून राणीला नेऊन दिला. दार उघडे टाकून गेली, मांजराने दूध सांडले.

८ डिसेंबर, रविवार

देऊळवाड्याचा मान. त्यांनी खालच्या वाड्यापेक्षा कमी पडायचे नाही असे ठरवलेले. वाटेत पाच घरी थांबा. पहिल्या घरी पुऱ्या व खतखतें, दुसऱ्या घरी मणगणें, तिसऱ्या घरी पुन्हा मणगणें, चौथ्या घरी नेवऱ्या, पाचव्या घरची बाई रडायला लागली की आमच्याकडचे कोणी खात नाही, म्हणून तिथेही मणगणें. मानकऱ्याने ताट नाकारायचे नसते. गौरवीने नाकारले नाही. मला अभिमान वाटला.

गोल तीन. तिसरा बसल्या बसल्या मारला, कारण ती पोट धरून खाली बसली होती व चेंडू पायावर आपटून आत गेला.

घरी आल्यावर ओव्याचे पाणी दिले. आता नारळ नऊ. माजघरात ठेवायला जागा नाही. हे म्हणतात किसून सुकत घालू.

१५ डिसेंबर, रविवार

बांधवाडा. त्यांनी देवळातली अब्दागीर मागून आणली, लाल मखमलीची, झालर लावलेली मोठी छत्री. ती धरून एक माणूस गौरवीच्या डोक्यावर सबंध खेळभर धावत होता. मानाची सावली सुटता नये. बिचारा पन्नाशीचा, दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा चेंडू अब्दागिरीच्या दांड्याला लागून गोलात गेला. वाद झाला. सगुणने निवाडा दिला की अब्दागीर ही गौरवीच्या मानाचा भाग आहे, तेव्हा गोल तिचा.

तेवढा एकच. गुलाल उधळला तो तिच्या डोळ्यांत गेला. दीपक मैदानाच्या कडेने ओरडत होता, "अहो, गुलाल तरी नको! पोरगी आंधळी व्हायची!" लोकांना वाटले तो घोषणा देतो आहे, त्यांनीही दिल्या.

डोळे गुलाबपाण्याने धुतले. ती म्हणाली, "आई, माका चेंडू दिसलोच ना."

मी म्हटले, "गुलालामुळे गो."

ती म्हणाली, "गुलालाच्या पयलींय दिसलो ना. चेंडू येवचो खंयसून तेंच कळना."

१७ डिसेंबर, मंगळवार

समितीची चौकशी बैठक. सहा, मग तीन, मग एक. गोल उतरत का आहेत? मानात कुठेतरी चूक झाली असणार. एकेक वाड्याची ओटी तपासली. खालच्या वाड्याने पहिल्या दिवशी दिलेल्या नारळाला शेंडी नव्हती असे निघाले. शेंडी काढलेला नारळ मानाला चालत नाही. म्हणजे त्यांचा मान पूर्ण झालाच नाही, आणि पहिला चुकला म्हणून पुढचे सगळे वाकडे गेले. खालचा वाडा म्हणाला, तर मग आम्हाला मान परत द्या.

मीही हरमलच्या मिरच्या व मीठ घेऊन गौरवीची दिष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दिष्ट मोठी होती.

बैठकीहून येताना वाटेत दीपक भेटला होता. म्हणाला, "वैनी, राणी शेजारी नाही ना तिच्या, म्हणून हो. दोघींचं मिळून एक चालतंय."

बाप आहे. कोणाही बापाला आपल्या मुलीचे वाटतेच. मी बरे म्हटले व पुढे गेले.

२२ डिसेंबर, रविवार

आज आमच्या वरच्या वाड्याचा मान होता. म्हणजे आज गौरवी आपल्याच माणसांत, राणीबरोबर. पहाटेच उठली, आपली आपण वेणी घातली. राणी दारात येऊन उभी होती, दोघी हसत हसत गेल्या. मी इतके दिवस हिला हसताना पाहिले नव्हते, ते आज लक्षात आले.

आणि विरुद्ध कोण, तर खालचा वाडा. ते ढोल घेऊन हजर. शेंडीवाला नारळ आणलेला. त्यांचे म्हणणे, पहिला मान चुकला, तो आज पुरा करून घेणार. आमचे लोक म्हणाले, आज मान आमचा. गौरवीचा एक हात आमच्या वाड्याने धरला, एक त्यांनी. ती मधे. राणीने मागून तिची जर्सी धरली होती, तिला कोणीतरी बाजूला केले.

मग बाबलीभाऊ उठले. त्यांनी सांगितले की पालखीवरून दोन वाड्यांत वाद झाला की रीत काय? पालखी शिवेवर टेकवायची. निवाडा होईपर्यंत ती ना ह्यांची, ना त्यांची. वाद मिटला की उचलायची.

देवळातून कादेर म्हणजे खुर्ची आणली, हातांची, लाकडी. शीव म्हणजे मैदानाच्या मधली रेघ. त्या रेघेवर बरोबर मधोमध कादेर मांडली, गौरवीला बसवले, वर अब्दागीर धरली. आणि खेळ सुरू केला.

मुले तिच्या दोन्ही बाजूंनी धावत होती. चेंडू दोन-चारदा तिच्या पायांशी आला. तेव्हा ती दोन्ही पाय वर उचलून घ्यायची, चेंडूला लागू नयेत म्हणून. एकदा लागलाच, तर सगुण म्हणाला, "बाय, पाय सांभाळ!"

शून्य-शून्य.

२९ डिसेंबर, रविवार

निवाडा झालेला नाही. बाबलीभाऊ म्हणतात घाई करू नये, गावात असे वाद चाळीस वर्षे चाललेले आहेत.

आजही कादेर. आजही शून्य-शून्य. दुसऱ्या सामन्यातही, म्हणजे देऊळवाडा व बांधवाडा, तिथे कादेर नेऊन ठेवली तर तिथेही शून्य-शून्य. सगळे वाडे समान. बाबलीभाऊंनी मला भर मैदानात सांगितले, "वैनी, पळयलें? इतकी न्यायाची लीग आख्ख्या पेडणें महालात ना."

हळर्णहून दोन रिक्षा भरून लोक बघायला आले होते. एका बाईने गौरवीच्या पाया पडून विचारले की माझ्या सुनेला मूल कधी होईल. गौरवी म्हणाली, "माका ठाऊक ना, माझी पुढच्या आठवड्यात गणिताची परीक्षा आसा."

बाई म्हणाली, "बघा, कशी बोलता!" आणि दहा रुपये ठेवले. मी ते देवीच्या पेटीत टाकले.

मला हे सगळे बरे वाटते, खोटे कशाला लिहू. पण रात्री तिने भात टाकला. मानकऱ्याचे जेवण कमी असते, असे मी ह्यांना म्हटले. ह्यांनी नारळांचा विनोदही केला नाही.

५ जानेवारी, रविवार

म्हापशाहून सेजल मॅडम आल्या. तालुक्याच्या मुलींचा संघ निवडायचा आहे, त्यासाठी गावोगाव फिरतात. पँट, टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांना दीपकने फोन केला होता. त्यांनी वीस मिनिटे खेळ पाहिला आणि विचारले, "ती मधे बसलेली मुलगी आजारी आहे का?"

सगुण म्हणाला, "न्हय, न्हय. ती आमची सगळ्यांत बरी खेळगडी."

"मग खेळत का नाही?"

"खेळली तर लीगेचो तोल जाता."

मॅडम गौरवीपाशी गेल्या व तिच्याशी बोलल्या. अब्दागीरवाला सावली धरून होता, ती मॅडमच्या टोपीवरही पडली. परत येऊन म्हणाल्या, "मला ही खेळताना बघायची आहे. बसलेली बघून मी कशी निवडू? एकोणीस तारखेला पुन्हा येते. शेवटची निवड त्याच दिवशी. त्यानंतर संघ बंद, मग थेट पुढच्या वर्षी."

बाबलीभाऊ म्हणाले, "येयात की. कादेर थंयच आसतली."

गौरवी हे सगळे ऐकत होती. घरी येताना ती माझ्या मागून चालत होती. मधेच म्हणाली, "आई, मी कादेरीत बसूनय खेळू शकतंय काय?" विचारपूर्वक विचारत होती. मी म्हटले, "नाही गो." ती म्हणाली, "राणी चेंडू दीत जाल्यार शकतंय."

७ जानेवारी, मंगळवार

मी गडग्याशी उभी राहून बाबलीभाऊंना हाक मारली. ते पलीकडे शेवग्याच्या शेंगा काढत होते. म्हटले, "भाऊ, एकोणीस तारखेला तरी तिला खेळू द्या. मान परत घ्या हवा तर."

ते म्हणाले, "मान परत घेवची रीत ना वैनी. मान घराण्यान चलता. उद्यां तिच्या चेडवाक जायत."

"तिला मुलगी होईपर्यंत ही कादेरीत बसणार?"

"आणि हरकत आसल्यार ती लेखी दिवची. टपालान. तोंडी हरकत समिती घेयना."

"भाऊ, तुम्ही समोर उभे आहात."

"हांव उबो आसा वैनी, समिती न्हय." आणि मला सहा शेंगा दिल्या.

त्यांचे म्हणणे असे की वॉट्सॅपवर माणूस रागात लिहितो, तोंडी बोललेले नंतर फिरवतो. पाकिटावर तिकीट लावून, पेटीपर्यंत चालत जाऊन जो हरकत घेतो त्याचीच हरकत खरी. पस्तीस वर्षे पोस्टात गेलेला माणूस. मला त्यात चुकीचे काही सापडले नाही. पण आमच्या पेटीतले पत्र पेडण्याला जाते, तिथून शिक्का मारून परत येते, व पोस्टमन रुद्रेश ते गडग्याच्या पलीकडे टाकतो. तीन दिवस जाणार.

आमटी केली. शेंगा कोवळ्या होत्या.

१० जानेवारी, शुक्रवार. पुत्रदा एकादशी

उपवास. संध्याकाळी देवळातून येताना काजूच्या भाटामागून, म्हणजे बागेमागून, आले, तिथे सुकी काटकी मिळते. आवाज आला म्हणून कुंपणापाशी थांबले.

पोरे खेळत होती. चारही वाड्यांची, मिसळलेली. ढोल नाही, समिती नाही. गोल म्हणजे दोन दोन दगड. गौरवी अनवाणी होती. तिने गोल मारला, आणि मारून लगेच धावत जाऊन आपल्याच गोलात उभी राहिली. तिच्या जागी गोलातला पोर पुढे आला. मग राणीने दिलेल्या चेंडूवर स्वप्नीलने मारला, तो धावत जाऊन गोलात, गौरवी बाहेर. परत गौरवीने मारला, परत आत. मी बघत राहिले. जो मारील त्याने गोलात जायचे, दुसरा कोणी मारीपर्यंत. एवढाच नियम. कोणी कोणाला समजावून सांगत नव्हते, म्हणजे जुनाच असावा. गौरवी जितकी मारते तितकी आत जाते, आणि आत गेली की बाकीच्यांना वाट मोकळी. बाहेर काढायची घाई सगळ्यांनाच, कारण तिच्याशिवाय मजा नाही. एक बारके पोर, सहा वर्षांचेही नसेल, त्याच्या पायाशी तिने चेंडू आणून ठेवला, आणि त्याने मारला तेव्हा जो गलका झाला तो चौदा गोलांनाही झाला नव्हता.

आणखी एक पाहिले. राणी बघत होती आंब्याकडे, चेंडू गेला विहिरीकडे, आणि गौरवी तिथे आधीच पोचलेली. कोणी कोणाला हाक मारली नाही. मला वाटते राणीच्या पायाला देवीचे काहीतरी आहे. चेंडू तिच्याकडून आला की गौरवीला कौल मिळतो. दीपक हे सांगत होता तेव्हा मी त्याला बाप म्हटले.

समिती दोन महिने बसली. मीही बाजूने अर्धा गोल ओढून दिला.

काटकी न घेताच घरी आले. ह्यांनी विचारले जळण कुठे. मी म्हटले, उद्या. मग सगळे सांगितले. हे म्हणाले, "टपालाची तिकीटां आसत काय घरात?"

११ जानेवारी, शनिवार

पत्र टाकले. गौरवीने दिलेल्या वहीच्या पानावर लिहिले. टाकण्याआधी वाचून दाखवले तर ती म्हणाली, "आई, शेवट बरो आसा." नक्कल ठेवते.

"अध्यक्ष, वाडा लीग समिती, यांस सा. न. वि. वि.

आपण माझ्या मुलीला मान दिलात, त्याबद्दल आमचे घराणे ऋणी आहे. मान परत करता येत नाही हे आपण गडग्याशी सांगितलेत, ते मान्य. म्हणून परत करत नाही. पण पालखी शिवेवर टेकवली की ती ना ह्यांची, ना त्यांची, हे आपणच म्हणालात, म्हणजे मान पालखीचाच राहतो. तेव्हा मान कादेरीचा समजावा. कादेर मधल्या रेघेवर जशी आहे तशी राहू द्यावी, वर अब्दागीर धरावी, नारळ तिच्यापुढे ठेवावा. आमची काही हरकत नाही. पाळायचे ते सगळे पाळावे. फक्त मुलगी त्यातून उठवून घेत आहे.

लीगचा तोल जाऊ नये ही आपली काळजी रास्त आहे. त्यासाठी काजूच्या भाटामागे मुलांचा एक नियम चालतो: गोल मारणाऱ्याने गोलात जाऊन उभे राहावे, दुसरा कोणी मारीपर्यंत. आपल्या स्वप्नीलला विचारावे, तो नीट सांगेल. तो तिथे तीनदा गोलात जाऊन आला, आणि पाणी प्यायला घरी गेला नाही. दीपकचे म्हणणेही ऐकावे, की मोठ्या मुलांतही तिला थोडे दिवस खेळवावे. तो भाडेकरू असला तरी आपल्या गावच्या मुलांना शिकवतो, आणि त्याच्या मुलीने चेंडू दिल्याशिवाय माझ्या मुलीचा एक गोल नीट झालेला नाही. जो मान आहे त्यात अर्धा तिचा. तो अर्धा कोणत्या घरात लिहायचा हे सगुणला विचारू नये, कारण ते मला कळले आहे.

एकोणीस तारखेच्या रविवारी सेजल मॅडम येतील. त्या दिवशी सकाळी गौरवी मैदानावर खेळायला येईल. समिती बसो की न बसो, येईल. राणी ज्या बाजूला, त्या बाजूला ती. ती बाजू कोणती, एवढेच उलट टपाली कळवावे."